शेवटी उरलेली दोन व्हायोलिनं

पुर्बाख, २० ऑक्टोबर १९६८

चि. रोझविता हिस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यांत आधी उगवला तो कपाटाएवढं वाद्य पाठीवर घेतलेला माणूस. शेजारच्या नोटबुर्गाला वाटलं मी नवं कपाटच घेतलं, ती लगेच किंमत विचारायला धावली. त्याच्यामागून पोल्टल मास्तर आले. आयझेनश्टाटच्या हौशी वाद्यवृंदाचे तेच ते. मार्टिनीच्या सणाला, नवी वाइन चाखायच्या दिवशी, त्यांना कुठल्यातरी गावात आपल्या हायडनचं संगीत वाजवायचंय, आणि पसंत काय पडलं, तर आपली द्राक्षं पिळायची कोठी! अगं, मी खुर्ची पुसायचं सोडून टेबलच पुसत बसले.

मास्तरांनी विचारलं की आजीबाई, तुम्हाला कुठली सिंफनी आवडते? मला विचारतात, तिसरीत शाळा सोडलेलीला! मग काय, मी सुरू झाले ती थांबेना. कोंबडीवाली सांगितली, तो सनईसारखा ओबो टोक टोक करत दाणे टिपतो ती. मग घड्याळवाली. रेडिओवर ती लागली की मी तिच्या ठेक्यात पीठ मळते. मग दचकवणारी. तुझे आजोबा, धडाका येणार हे ठाऊक असून दर वेळी सूप सांडायचे आणि वर मलाच म्हणायचे, तू धक्का दिलास. पण सगळ्यांत लाडकी म्हणून मी सांगितली ती निरोपाची. वाजवणारे एकेक करून आपली मेणबत्ती विझवतात, उठून जातात आणि शेवटी दोनच व्हायोलिनं उरतात, ती.

मास्तरांचा चेहरा पडला. त्या शेवटच्या दोघांतली इर्मगार्ड बाळंतपणाला गेलीय. मी म्हटलं, हात्तिच्या, माझी नात आहे की! तेव्हा ये. मास्तर तुला धरूनच चाललेत.

माया आहे ती राहू दे, आणि जाड मोजे घालून ये, कोठीत गारठा असतो.
तुझी आजी

व्हिएन्ना, २६ ऑक्टोबर १९६८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

कारस्थानी बाई! जूनमध्ये मोठ्या वाद्यवृंदाच्या निवडीला गेले तर परीक्षकांनी मला दुसऱ्या पानावरच पुरे म्हटलं, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून व्हायोलिन कपाटावर पडलंय आणि मी हातमोजे विकते. छान विकते.

आणि तुझी लाडकी आजवर कोंबडीवाली होती. निरोपाची लागली की तू रडतेस म्हणून आई रेडिओ बंद करायची. ती एकदम लाडकी कशी गं झाली? तिच्यात शेवटी चूक झाली तर झाकायला कुणी नसतं, आजी. मला भीती वाटते, झालं समाधान?

मी येईन ती मार्टिनीचा भाजलेला हंस खायला. व्हायोलिन बरोबर असेल, पण ते इथल्या खोलीत ओल आहे म्हणून. भलता अर्थ काढू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
रोझविता

पुर्बाख, १२ नोव्हेंबर १९६८

चि. रोझविता हिस आशीर्वाद, आणि दोन्ही गालांचे मुके. वि. वि.

पहाटेच्या बसने पळालीस, त्यामुळे खरी गंमत तुला कळलीच नाही. काल तू वाजवत होतीस ना! मी सगळी तयारी केली, फक्त वाजवणारे मुद्दामच उठून जातात हे गावाला सांगायचं विसरले. पहिला ओबोवाला मेणबत्तीवर फुंकर मारून उठला, तशी नोटबुर्गा माझ्या कानात कुजबुजली, बाई गं, पाहुणा रुसला! आणि आपल्या कोठीतून उपाशी माणूस कुणी जाऊ देतं का? नोटबुर्गाचा नवरा गॉटहार्ड दारात आडवाच झाला. त्याने ओबोवाल्याच्या हातात पेला दिला, नोटबुर्गाने हंसाची तंगडी. मग हॉर्नवाला, मग तो कपाटवाला. जो उठेल त्याला धरलं आणि बाहेरच्या टेबलाशी बसवलं. मास्तरसुद्धा सुटले नाहीत!

मी मात्र जागची हलले नाही. आत दोनच मेणबत्त्या, तू आणि तो पिकल्या मिशांचा बेनेडिक्ट. आधी तू बेनेडिक्टकडे बघत बघत वाजवलंस, मी पाहिलं. मग डोळे मिटून घेतलेस. बाहेर गॉटहार्डने घास तोंडात तसाच धरला, आणि तो माणूस कसा जेवतो ते तुला ठाऊक आहे.

लाडकी म्हणून कोंबडीवाली सांगितली असती तर तू बाकीच्यांच्या मागे लपली असतीस. म्हणून लबाडी केली. पुन्हा करीन.

तुम्हा दोघांसाठी ताटात मात्र हाडंच उरली. तू म्हणालीस भूक नाही, पण बेनेडिक्टचं तोंड बघवेना. मास्तर इतके ओशाळले, की पुन्हा येतो म्हणाले, आणि त्या खेपेला तुम्ही दोघं आधी जेवाल. इर्मगार्डला मुलगी झाली, ती काही इतक्यात येत नाही. तेव्हा त्यांनी तुझा पत्ता मागून घेतलाय. मी नाही हो दिला आपणहून.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र धाड.
तुझी आजी

ता. क. आता कोंबडीवाली वाजवायचं ठरलंय. मंडळी येणार मेणबत्त्यांच्या सणाला, दोन फेब्रुवारीला. रविवार आहे. तुझं दुकान बंद असतं.