नाचणगावचे घर भागीरथेच्या नावे

मी, आनंदाबाई नानाजी निस्ताने, वय अंदाजे चौसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार नाचणगाव, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. पोटात गाठ आहे, आणि आता ऑपरेशनचा उपयोग नाही असे डॉक्टर म्हणाले. मला सहीपुरतेच लिहिता येते, म्हणून निवृत्त शिक्षक प्रभाकरराव सोनटक्के माझ्या तोंडचे उतरवून घेत आहेत. माझ्यामागे या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

१. राहते घर मी पती वारल्यावर शिवणाच्या कमाईतून घेतले. त्यावर कोणाचा वडिलोपार्जित हक्क नाही. ते मी माझी थोरली सून भागीरथा चंद्रभान निस्ताने, सध्या राहणार पश्चिम जर्मनी, हिला देत आहे.

कारण लिहिणे जरूर आहे. माझा थोरला मुलगा चंद्रभान लग्नानंतर वर्षभरातच विषमज्वराने गेला. भागीरथा तेव्हा कॉलेजात होती. मी तिचे शिक्षण थांबवू दिले नाही. वनस्पतिशास्त्रात ती पहिली आली आणि १९७४ साली तिला जर्मनीची शिष्यवृत्ती मिळाली. विधवा सून एकटी परदेशात धाडते म्हणून गावात माझ्याशी बायका बोलेनाशा झाल्या. पुलगाव स्टेशनवर पोचवायला मी एकटीच होते. मी म्हटले, "शिकून येजो. इकडची फिकर करू नोको." ती म्हणाली, "बाई, तुमी हाय तवर मले घर हाय."

तिची पत्रे येत. धाकटा मुलगा पुंडलिक ती वाचून दाखवी. शिक्षण संपत आले होते, ती परतणार होती, आणि त्याच सुमारास मी न्यूमोनियाने वर्ध्याला दवाखान्यात पडले. बरी होऊन घरी आले त्यानंतर एकही पत्र नाही. पुंडलिक म्हणाला, "ते तिकडची झाली. तुले भुलली." मी पाच वर्षे तेच खरे मानले.

मागल्या वर्षी तिची नागपूरची मैत्रीण केळझरला गणपतीच्या दर्शनाला आली, तशी इकडेही आली. भागीरथेचे घर पाहून जावे, एवढाच तिचा हेतू. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तिने विचारले, "आनंदाबाईंचं घर हेच का? त्या होत्या तेव्हाचं कोणी आहे?"

मी म्हटले, "मीच आनंदाबाई."

ती पायरीवर बसलीच. मग तिच्याकडून कळले. मी दवाखान्यात असताना पुंडलिकने मी मेल्याची तार केली होती. भागीरथा दरवर्षी पितृपक्षात खिडकीत माझ्या नावाने वरणभाताचे पान ठेवते. तिथे बर्फ पडते, पण कावळे आहेत म्हणे.

२. वडिलोपार्जित वावर पुंडलिक वाहतो. त्यातला चंद्रभानचा हिस्सा कायद्याने भागीरथेचा आहे. तो तिला मिळावा. माझा जो काही हिस्सा निघेल तोही तिलाच. पुंडलिक जेवत असताना मी त्याला विचारले होते, "काऊन केलं असं?"

त्याने मान वर केली नाही. "ते आली असती त वावर मांगतलं असतं."

"मांगतलं असतं त देल्लं असतं."

तो हात धुऊन उठला. त्यानंतर आमचे बोलणे नाही.

३. शिवणयंत्र, कात्री व कपड्यांचे कपाट शेजारच्या देवकाबाईंना द्यावे. मैत्रिणीने दिलेल्या नंबरावर फोन लावायला त्याच मला पुलगावच्या पोस्टात घेऊन गेल्या आणि दिवसभर उपाशी बसल्या.

फोन लागला तेव्हा भागीरथा म्हणाली, "कोण बोलून राह्यलं?"

"मी. आनंदा. नाचणगावहून."

मग ती म्हणाली, "बाई, म्या तुमच्या नावानं पाणी सोडलं."

"मालूम हाय मले. येऊन जाय आता."

"म्या तुमाले एक डाव रडून घेतलं. इथं कोनीच नोतं मायाजवळ. आता तुमी हाय म्हन्ता, अन् उद्या जासान. मले पुन्हा नाई जमत, बाई."

लाइन तुटली. ती आली नाही. तिच्यावर माझा राग नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते.

४. माझ्या चितेला अग्नी पुंडलिकनेच द्यावा. एकदा त्याने मला न जाळता मारले आहे. या खेपेला जवळ उभे राहून पाहावे. त्याच्या मुलींना माझी सोन्याची मणी-पोत वाटून द्यावी. त्यांचा यात दोष नाही.

५. माझ्या मरणाची बातमी भागीरथेला देवकाबाईंनी फोनवर स्वतःच्या तोंडाने सांगावी. पुंडलिकने सांगू नये. तिचा विश्वास न बसल्यास तिला पुरावे दाखवू नयेत, पटवत बसू नये. मी आहे असे तिला वाटत असेल तर वाटू द्यावे. घराला कुलूप लावून ठेवावे आणि ती येईपर्यंत कोणाला भाड्याने देऊ नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही: आनंदाबाई नानाजी निस्ताने

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही केली:
१. डोमाजी येळणे, राहणार नाचणगाव
२. अण्णाजी खोंडे, राहणार बोरगाव मेघे

ठिकाण: नाचणगाव
दिनांक: ११ नोव्हेंबर १९८४