प्रोसेसर बदलण्याबाबत, आणि थोडं 'ल'बाबत

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. (तीन वर्षांचे साचलेत, एकदमच घे.) इकडे आम्ही दोघं ठीक. माझा गुडघा आणि तुझ्या वहिनीचा स्वभाव होता तसाच आहे. तुझी तब्येत कळव. न कळवलीस तर ती उत्तम आहे असं धरून चालेन, गेली तीन वर्षं चालतोय तसंच.

पत्रास कारण यांत्रिक आहे. तू जाण्याआधी जोडून दिलेला दुकानातला कॉम्प्युटर हल्ली फार दमतो. सकाळी बटण दाबून मी दुकान झाडतो, काउंटर पुसतो, कालच्या पाट्यांवरचा कागद सोलतो, तरी याचं आपलं पडद्यावर गोल गोल चालूच. परवा एका इमारतीचं काम आलं, बेचाळीस बिऱ्हाडांच्या बेचाळीस नावाच्या पाट्या, आणि सतराव्या पाटीला पडदा गोठला. (गोठला तो नेमका एका निवृत्त न्यायाधीशांच्या नावावर. अर्धं नाव पडद्यावर होतं आणि पूर्ण न्यायाधीश काउंटरपाशी उभे होते.) समोरच्या चष्मेवाल्याने सांगितलं, प्रोसेसर बदला, यंत्र पळायला लागेल. त्याचं स्वतःचं यंत्र पळताना मी कधी पाहिलेलं नाही, पण माणूस इतक्या ठामपणे बोलला की मी मान हलवली.

मग कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, कितवी जनरेशन? मला बरं वाटलं, हल्ली इतकी चौकशी कोण करतं? म्हटलं, तिसरी. आजोबा ब्रशने रंगवायचे, बाबा पितळेवर कोरायचे, आणि आता आम्ही. ('आम्ही' सवयीने निघून गेलं.) तो 'बरं' म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर घेऊन हजर झाला. कॉम्प्युटरचा डबा उघडल्यावर कळलं की प्रश्न आपल्या घराण्याचा नव्हताच. आत सहाव्या जनरेशनचा प्रोसेसर होता, आणि हा तिसरा काही त्या खाचेत बसेना. बरं, अगदी नवा घ्यावा, तर मदरबोर्ड बदला. मदरबोर्ड बदलला की रॅम बदला. म्हणजे तुटलेल्या एका गुंडीसाठी अख्खा कोट शिवायचा. तेव्हा वहिनी म्हणाली, "अहो, आत आहे तो काय काम करतो ते तरी आधी बघा."

कॉम्प्युटरवाल्याने एक तक्ता उघडला. प्रोसेसर नऊ टक्के, हार्ड डिस्क शंभर टक्के. हा हातावर हात ठेवून बसलेला आणि ती बिचारी राब राब राबतेय. वहिनीने तो तक्ता जरा जास्तच वेळ पाहिला. म्हणाली, "हे दुकान ओळखीचं आहे. तुम्ही नऊ आणि भाऊजी शंभर." (कॉम्प्युटरवाला हसला. त्याला दुसरा चहा मिळाला नाही.)

तेव्हा निर्णय असा की प्रोसेसर बदलण्यात काही अर्थ नाही. बदलायची ती डिस्क. पण आधी जुन्या डिस्कवरचं सगळं उतरवून घ्यायला हवं, आणि त्यातलं अर्धं तुझ्या कुलपात आहे. बाबांनी हाताने काढलेली सगळी अक्षरं तूच स्कॅन केलीस, पासवर्ड घातलास, आणि त्याच आठवड्यात आपलं 'ल'वरून वाजलं. (मी अजूनही म्हणतो, बाबांचा ल दोन्हीकडून गोल, स्वतःच्या पायावर उभा; तुझा तयार फाँटातला, दांडीला टेकलेला.) कॉम्प्युटरवाला म्हणतो, पासवर्ड नसेल तर पुसून टाकू. मी त्याला वाटेला लावलं. बाबांचं अक्षर पुसलेलं मला सहन होणार नाही, हे सरळच लिहितो. तरी पासवर्ड उलट टपाली कळवावा. बाकी इकडे सगळं जागच्या जागी आहे.

तुझा,
दादा

ता. क. तुझ्या नावावर चुकीचा पासवर्ड टाकला की खाली तू लिहून ठेवलेली खूण उमटते, हे आज कळलं. खूण अशी: 'ल कोणाचा बरोबर?' मी अर्थातच तुझं नाव टाकलं. तीनदा टाकलं, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. उघडलं नाही. 'बाबा' टाकलं, तरी नाही.

ता. क. २. काहीच सुचेना म्हणून शेवटी 'दादा' टाकलं. उघडलं. तेव्हा पासवर्ड कळवण्याची गरज नाही.

ता. क. ३. बेचाळीस नावांपैकी अठरांत ल आहे. सतरा मी काढले, बाबांसारखे. अठरावा न्यायाधीशांचा. तो तुझ्यासाठी ठेवलाय, दांडीचा काढलास तरी मी तोंड उघडणार नाही. पण तो इथे येऊन काढायचा. न्यायाधीश रोज येऊन काउंटरपाशी उभे राहतात, आणि खरं सांगायचं तर वाट ते एकटेच बघत नाहीत.