चावलेला दाणा

३ ऑक्टोबर
कोठाराचं उद्घाटन उरकलं. आराखडा माझाच — इंजिनिअर होतो तेव्हा काढलेला, आमदार झाल्यावर मंजूर करून घेतलेला. हिचा धाकटा भाऊ तिथे व्यवस्थापक. त्याने मूठभर मका हातावर ठेवला. सवयीने एक दाणा चावला. वाळलेला दाणा कटकन फुटतो. हा दाताखाली मेणासारखा चपटा झाला. ओला! मेहुणा माझ्याकडेच बघत होता. समोर कॅमेरे, शेजारी पक्षाचे साहेब. "उत्तम," म्हणालो आणि बटण दाबलं. मका कोठारात नेणारा पट्टा सुरू झाला.



९ ऑक्टोबर
मेहुण्याचा फोन. "दाजी, आतून आंबूस वास येतोय. वर दाण्यांचा घट्ट थर धरलाय. रिकामं करू द्या की."

साहेबांकडे गेलो. त्यांना मका फक्त भाजलेला माहीत! म्हणाले, "भरलेलं कोठार आत्ता उपसलंत तर विरोधकांना आयतंच कोलीत. इंजिनिअर होतात तेव्हा होतात. आता उमेदवार आहात." मी मान डोलावून परत आलो. स्वतःची चीड येते.

मेहुण्याला कळवलं, मतदान होऊ दे. तोवर आत कुणाला उतरवू नकोस — थर फुटला की माणूस दाण्यांत ओढला जातो. "बरं," म्हणाला. नाराज वाटला.

१२ ऑक्टोबर
जिकडेतिकडे माझे फलक. दाणा चावतानाचा फोटो, खाली 'पारख असलेला माणूस'. बघवत नाही. ही चौकातल्या फलकापुढे बराच वेळ थांबली. काय बघतेस, विचारलं.

"काही नाही. डावा डोळा बारीक झालाय तुमचा."

१५ ऑक्टोबर
साहेबांना वाटपासाठी मका हवा होता. खाली ट्रक येऊन उभे, आणि वरचा थर अडकल्याने दाणा पडेना. कुणाला उतरवू नकोस म्हणालो होतो, म्हणून मेहुणा स्वतःच उतरला. कमरेला दोर बांधून. थर फुटला; दोराचा उपयोग झाला नाही.

पत्रा कापून बाहेर काढला. तोंडात मका होता. मी बोटाने काढत राहिलो.

१६ ऑक्टोबर
ही रडत नाही. बोलतही नाही.

२१ ऑक्टोबर
निवडून आलो. लोक म्हणतात, सहानुभूतीची मतं.

२२ ऑक्टोबर
ही आज बोलली. "दाणा ओला होता ना? काही खटकलं की तुमचा डावा डोळा बारीक होतो. मला चौकातच कळलं होतं. भावाला फोन करणार होते. मग म्हटलं, मतदान होऊ दे."