तांब्यावरचे हात

अल अझीझिया, जेद्दा
९ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? इथे हवा छान आहे. फोनच करणार होते, पण तो स्वरा उचलते आणि "आई, मावशीचा फोन!" म्हणून हाक मारते. मग माझं बोलायचं राहून जातं. तू विचारलंस त्याचं लिहितेच, आधी इथलं सांगते.

मी ज्यांची नर्स आहे त्या इटालियन आजींकडे तळहाताएवढं जुनं चित्र आहे. तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेलं, येशूच्या आईचं, कुशीत बाळ. आजी तिला मादोन्ना म्हणतात, स्वयंपाकाच्या हलिमाभाभी मरियम. आजींना आता दिसत नाही. संध्याकाळी चित्र मांडीवर घेऊन बोटं फिरवत काहीबाही पुटपुटतात. पडद्यातून ऊन झिरपतं आणि सगळी खोली हळूहळू पाण्याखाली चालल्यासारखी वाटते.

भाभी आपल्या रत्नागिरीच्याच. चित्राची मागची बाजू हिरवी पडलेली दिसली, तशी त्यांनी आमसूल भिजवून घासली. लख्ख झाली. त्या भरात पुढूनही हात फिरवला. मरियमचा चेहरा खपलीसारखा निघून आला.

"रुचिरा, माझं खलास! तांबं दिसलं की हात राहतोय होय?"

"गप्प राहा. त्यांना कुठे दिसतंय!"

पण संध्याकाळी आजींचं बोट थांबलं. "हिचा चेहरा गेला?"

भाभींनी सगळं सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं रडत; मी ते आजींना इंग्रजीत समजावलं. मग आजींचं बोट खाली उतरलं, बाळापाशी आलं.

"हे रडतंय का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग असू दे. धरणारे हात आहेत." आणि भाभींकडे तोंड करून म्हणाल्या, "तुझं ते काळं फळ माझ्या कॉफीच्या भांड्याला लाव. त्याचा चेहरा गेला तरी चालेल."

भाभी रडता रडता हसल्या.

ते हात मी रोज बघते. एक मानेखाली, एक पाठीशी. अंगावर पिणारी स्वरा तुझ्या ओटीत घालून मी विमानात बसले, तेव्हा तू तिला असंच धरलं होतंस. शाळेत घालण्याआधी तिला सगळं सांगून टाकू का, असं विचारलंस.

नको सांगूस, ताई.

मे महिन्यात येईन. फोन मात्र तिलाच उचलू दे.

तुझी रुचिरा,
स्वराची मावशी