वॉकीटॉकीवरचा आवाज

१२ एप्रिल
मिओकचा उजवा डोळा गेला. संध्याकाळी चुनचॉनच्या हॉस्पिटलातून तिच्या आईचा फोन आला.

गोल्फच्या मैदानावर, सातव्या होलवर गिऱ्हाईक फटका मारायच्या तयारीत. तेवढ्यात वॉकीटॉकीवर आमची गटप्रमुख, सुनदोकताई – "मिओक, पुढे जाऊन चेंडू कुठे पडतो ते बघ, खेळ रखडतोय." मिओक गेली. आम्ही कॅडी, गिऱ्हाइकांच्या काठ्या वाहणाऱ्या; जा म्हटलं की जातो. चेंडू सरळ तोंडावर. मी मागून येणाऱ्या खेळाडूंबरोबर होते, माझ्या वॉकीटॉकीवर सगळं ऐकलं.

गिऱ्हाइकाने घाम पुसला. "दुसरी कॅडी मिळेल ना?" मिळाली. मलाच पाठवलं.

१५ एप्रिल
मॅनेजर म्हणाला, "कॅडी क्लबच्या नोकर नाहीत. स्वतंत्र व्यावसायिक आहेत. ज्याने त्याने आपापलं सांभाळायचं."

स्वतंत्र! केसांचा रंग क्लब ठरवतो. लिपस्टिक नसेल तर घरी पाठवतो. गिऱ्हाइकांनी उखडलेली हिरवळ आम्ही बुजवायची, तीही फुकट.

१६ एप्रिल
मिओकला भेटले. म्हणाली, "ग्योंगरानताई, मी चुकीच्या जागी उभी होते का गं?" 

२० एप्रिल
श्रम कार्यालयात मिओकच्या अपघाताबद्दल जबाब दिला. जे कानांनी ऐकलं, ते सगळं.

बातमी माझ्याआधी क्लबवर पोचली. सुनदोकताईने कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. "फार शहाणी झालीस. माझं नाव घेतलंस म्हणे."
"ताई, तुम्हीही कॅडीच आहात."
"मी प्रमुख आहे. लक्षात ठेव."

२१ एप्रिल
आजच्या पाळीत माझं नाव नाही. मॅनेजरला विचारलं. हसला. "तुम्ही स्वतंत्र आहात. कुठेही काम करा."

२ मे
आणखी दोन क्लबांनी नाही म्हटलं. नवरा जेवताना म्हणाला, "गप्प बसली असतीस तर." मी ताट उचलून आत गेले.

९ मे
दारात सुनदोकताई. डोळे सुजलेले. क्लबने श्रम कार्यालयाला कळवलंय – मिओकला पुढे पाठवलं सुनदोकने, तीही स्वतंत्र व्यावसायिक, तेव्हा जबाबदारी तिची.

"मॅनेजर माझ्या शेजारी उभा राहून सांगत होता गं. मी नुसतं तेच वॉकीटॉकीवर बोलले. त्याचा आवाज ऐकलास ना तू? सांगशील ना तसं?"

नव्हता ऐकला. वॉकीटॉकीवर एकट्या तिचाच आवाज होता. जबाबात मी तेवढंच सांगितलंय.