खिडकीवरचा पडदा

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी मजेत आहे, शिवणकामही जोरात चाललंय. फक्त आज माझं डोकं फिरलंय.

आमच्या दोन मांजरी तू फोटोत बघितल्या आहेस. दोघी कधी घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. सकाळपासून खिडकीत बसून समोरच्या झाडावरचे पक्षी बघतात. एखादा जवळ आला की दातांवर दात वाजवतात, शेपट्या आपटतात. संपला त्यांचा पराक्रम!

तर परवा शेजारीण आली. म्हणे, "तुमच्या मांजरी टक लावून बघतात, म्हणून पक्षी माझे दाणे टिपायला येत नाहीत. पडदा लावा." आणि आमच्या ह्यांनी लगेच लावलाही! म्हणे, शेजारधर्म. कसला डोंबलाचा शेजारधर्म! मध्ये काच आहे ना? नुसतं बघितल्याने पक्ष्यांची काय पिसं गळतात?

तेव्हापासून दोघी पडद्याकडे तोंड करून बसून होत्या. खाण्याकडे ढुंकून बघेनात. आज मी तो पडदा ओरबाडून काढला आणि ह्यांच्याशी कडाकडा भांडले.

आईचा पाय कसा आहे? वहिनी फोनवर म्हणाली, आई दिवसभर खिडकीतून त्यांच्या घरात बघते अशी समोरच्यांनी तक्रार केली, म्हणून तू तिची खाट आतल्या खोलीत हलवलीस. ती हल्ली नीट जेवत नाही, असंही म्हणाली.

दादा, डॉक्टरांना नंतर बोलाव. आधी खाट खिडकीशी लाव.

चिडलेली, पण तुझीच,
धाकटी