गलबतावर पाठमोरी

१२ जानेवारी १९८७
भगवती बंदरावर टीव्हीवाले आलेत! जुन्या काळी चीनहून चिनी मातीची भांडी भरून गलबतं यायची, त्यावर मालिका काढताहेत. वादळ, चाचे, सगळं आमच्या बंदरावर! शाळा सुटल्यावर धावतच गेले. मी — मास्तरीण असून!

१३ जानेवारी
पेटाऱ्यांत वर ठेवायला निळ्या नक्षीचे थोडे वाडगे आहेत, खाली भरायला काहीच नाही. मग अख्ख्या आळीतून लोणच्याच्या बरण्या गोळा केल्या. वाडग्यावरचा ड्रॅगन बघून आई म्हणते, "अगो, ही तर पाल!" हसून हसून पोट दुखलं.

१५ जानेवारी
कसं लिहू! मालिकेत गलबताच्या मालकाच्या, सावकाराच्या मुलीचं काम करणाऱ्या बाईंना बोट लागली. गलबतावर पाय ठेवला की ओकारी. आणि त्यांचं सगळं काम गलबतावरच! डायरेक्टर डोक्याला हात लावून बसले होते. मला पाहून ताडकन उठले — "उंची किती हो तुमची?" बाईंच्या एवढीच! मी नऊवारी नेसून गलबतावर पाठमोरं उभं राहायचं. बाईंचा चेहरा मागाहून धक्क्यावर घेणार.
आप्पा म्हणाले, "हरिहररावांना विचार." साखरपुडा झाला की वडिलांची परवानगी चिपळूणला राहायला जाते वाटतं.

१६ जानेवारी
चिपळूणला त्यांच्या बँकेत फोन लावला. हरिहर म्हणाले, "तोंड दिसणार नाही ना? मग चालेल."
चालेल!! घरभर नाचले.

१८ जानेवारी
वारा असा की पदर आवरेना. पाठमोरी उभी राहिले. शेजारच्या मचव्यातून डायरेक्टर ओरडले, "वाडगा उन्हात धरा — छान! आता वळा!"
हे ठरलं नव्हतं. मी वळले.
विचार केला का? नाही केला. पातळ वाडग्यातून माझी बोटं दिसत होती, खाली पाणी उसळत होतं, आणि मला हसूच फुटलं. बुडालं म्हणून रडून झालेलं गलबत परत आलंय — ती मुलगी हसणारच ना! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धक्क्यावरून बाईंनीसुद्धा, हातात लिंबाची फोड धरून.

१९ जानेवारी
डायरेक्टर घरी आले. "चेहरा यांचाच ठेवतो. मुलगी हीच." बाई म्हणे "सुटले बाई!" म्हणत मुंबईला गेल्या! उरलेलं काम मे महिन्यात, मुंबईत. आप्पा सुपारी कातरत राहिले. "बघू."
मी आरशात वळून वळून बघतेय. वेडी!

२१ जानेवारी
हरिहर आले. ओटीवर बसले, चहाला हात लावला नाही. आप्पांना म्हणाले, "पाठीचं ठरलं होतं. तो चेहरा काढायला सांगा, नाहीतर चार लोकांत मी काय तोंड दाखवू?"
मी दारातूनच म्हटलं, "तोंड मी दाखवलंय. तुम्ही कशाला लाजता?"
आई कपाळावर हात मारून आत पळाली. हरिहर उठून गेले.
मी इतकी शांत कशी?

२३ जानेवारी
चिपळूणला जाऊन अंगठी परत दिली. आप्पा बरोबर आले होते. परतताना एस्टी हातखंब्याला आली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हेमे, मे महिन्यात सोबतीला मी येतो हो."